मामांचं मशीन मी वेबसाइटवरून काढलं

मामा गेले. मला त्यांची लाज वाटते, असं समजून गेले.

आज इंद्रायणीवर दहावा झाला. घरी येऊन हे लिहितोय.

पोपटमामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. चऱ्होलीचे. जमीन बिल्डिंगांखाली गेली, पण घरामागची पत्र्याची शेड त्यांनी कुणाला हात लावू दिली नाही. तिथे दिवसभर काहीतरी जोडत बसायचे.

मी चाकणला एका कंपनीत डिझाइनला आहे. गेल्या वर्षी स्वतःची वेबसाइट काढली. एका बाजूला माझे प्रोजेक्ट्स, दुसऱ्या बाजूला थोडं लिखाण.

पहिलाच लेख मामांवर.

जुन्या वॉशिंग मशीनची मोटर लावून त्यांनी भुईमुगाच्या शेंगा फोडायचं मशीन केलं होतं. बटण दाबलं आणि शेंगा थेट मामीच्या अंबाड्यात!
फोटोसकट सगळं लिहिलं.

लेख फॅमिली ग्रुपवर फिरला. लोक पोट धरून हसले.

मग एका लग्नात कुणीतरी लांबूनच ओरडलं, "काय सायंटिस्ट, फुटल्या का शेंगा?"

मामा हसले. पण मला वाटलं, चेहरा उतरला त्यांचा.

त्याच संध्याकाळी लेख डिलीट केला.
मामांना विचारलं नाही. सांगितलंही नाही.
उलट, त्यांची इज्जत राखली म्हणून स्वतःवरच खूश होतो.

पुढे एकदा मामांचा फोन आला.

"तुझी ती वेबसाइट बंद पडली का रं?"

"नाही मामा, चालू आहे. आता फक्त कामाचं टाकतोय."



"बरं. कामाचंच टाक."

मला मीटिंग होती. फोन ठेवला.

त्यानंतर भेटले की बोलायचे, पण शेडमध्ये काय चाललंय ते सांगेनासे झाले. मी म्हटलं, थकले असतील.

आणि मग मागच्या आठवड्यात झोपेतच गेले.

आज सगळे पांगल्यावर मामांच्या घरी मामी शेजारी येऊन बसली.

"तुझा त्यो लेख समद्यांना दाखवायचे. ब्यांकेत, सलूनमधी. म्हनायचे, भाच्यानं टाकलंय मला, अमेरिकेतबी दिसतोय मी."

"अगं, पण लोक हसायचे ना त्यांना?"

"हसंनात का. ते सोता हसायचे की."

मग म्हणाली, "एकदा व्याही आलं व्हतं. त्यास्नी दाखवाया गेले तर उघडंचना. लई कानकोंडे झाले. रातच्याला म्हनले, पोरगं मोठ्या कंपनीत हाय, लाज वाटली आसंल आपली."

मी तिला सगळं सांगितलं. का काढलं, काय वाटलं होतं.

तिने ऐकून घेतलं.
"आता मला सांगून काय व्हनार, बाबा?"
रागाने नाही म्हणाली. तेच जास्त लागलं.

लेख लॅपटॉपवर होता. लॅपटॉप गाडीतून आणला. तिथेच बसून परत चढवला आणि मामीला वाचून दाखवला. अंबाड्यापाशी आलो तेव्हा ती हसायला लागली. बराच वेळ तिला हसू आवरेना, आणि मला तिच्याकडे बघवेना.

मामा, तुम्हाला काय वाटत असेल ते मीच ठरवून टाकलं.
चुकलो.

भरल्या मनाने निरोप, मामा.