चव्वेचाळीसचं बाळ

पुन्हा मोजले. पुन्हा चव्वेचाळीसच.

माणसाच्या पेशीत क्रोमोसोम शेहेचाळीस, म्हणजे तेवीस जोड्या. स्लाइड बनवताना एखादा निसटतो, ते चालायचंच. पण इथे प्रत्येक पेशीत नेमके दोन कमी. नव्वदच्या दशकात बंगलोरच्या आमच्या लॅबमध्ये फोटो काढून, कात्रीने एकेक क्रोमोसोम कापून आम्ही जोड्या लावायचो. 

सॅम्पल गर्भजलाचं होतं, सविताचं. बेळगावकडून येऊन राजाजीनगरात स्थिरावलेलं मराठी कुटुंब. आधी तीन गर्भपात झालेले, हे चौथं टिकलेलं. गर्भपाताची कायद्याची मुदत संपत आली होती. लॅबचे हेड म्हणाले, अबनॉर्मल लिहा आणि पाठवून द्या. तसं लिहिलं असतं तर बाळाचा निकालच लागला असता.

जोड्या लावल्यावर दिसलं, हरवलं काहीच नव्हतं. तेरा नंबरचा चौदाला चिकटून एक लांब क्रोमोसोम झालेला, आणि असे दोन. सामान तेवढंच, गाठोडी कमी. एक आईकडून आलेला, एक बापाकडून. असा जोड मुळात क्वचित सापडतो, आणि तो नवराबायको दोघांकडे? नात्यातलं लग्न असणार. पण हेडनी स्वतः 'कझिन मॅरेज?' असं विचारलं होतं आणि ती 'नाही' म्हणाली होती.

दोघांना रक्त द्यायला बोलावलं. सुई टोचताना मी परत विचारलं.

"नाही हो अक्का, कझिन कुठले? हे माझे मामा."

"सख्खे?"

"होय की. आईचे धाकटे भाऊ. आमच्यात रीतच आहे. सासू म्हणजे माझी आज्जीच."

मी पुण्याची. आमच्याकडे मामाची मुलगी चालते, मामा नाही. हेड दिल्लीचे, त्यांच्या तर स्वप्नातही आलं नसतं.

रक्ताचं कल्चर, म्हणजे त्यातल्या पेशी, वाढायला वेळ लागतो. तेवढे दिवस माझ्या डोक्यात एकच. जोडाच्या जागी काही बारीकसं गळालं असेल तर? जन्मभराचं दुखणं त्यांच्या पदरात पडायचं, आणि ते माझ्या शब्दावर. हेड येता-जाता कॅलेंडरकडे बोट दाखवायचे.

रिपोर्ट आला. दोघांचेही पंचेचाळीस, म्हणजे तोच एकेक जोड, आणि दोघं ठणठणीत. जोड वाटताना गडबड झाली की गर्भ टिकत नाही, आधीचे त्यामुळेच गेले असणार. मी दोघांना समोर बसवून समजावलं. घोड्याचे चौसष्ट, गाढवाचे बासष्ट, चिंपांझीचे अठ्ठेचाळीस. आकड्यावरून कुणाची लायकी ठरत नाही.

नवऱ्याने गॅरंटी मागितली. ती मी कुठून देणार? ऐकीव नाही, डोळ्यांनी पाहिलेलं तेवढं सांगते, म्हटलं. सामान पूर्ण आहे.

 सविता म्हणाली, "मी ठेवते."

हेडनी बाळाच्या रिपोर्टवर सही केली, पण माझ्याकडे न बघता. पुढे बाळंतपणापर्यंत फोन वाजला की मीच धावत जाऊन उचलायचे.

मुलगी झाली. धडधाकट, आणि आवाज असा की फोनवरून मलाही ऐकू आला. मी रिसीव्हर धरून रडले.

तेव्हापासून मी कुणालाच 'नात्यातलं लग्न का' असं विचारत नाही. लग्नाआधी नवऱ्याला काय हाक मारायचात, एवढंच विचारते.