थांबा-सिस्टर आणि मास्तरांची गोळी

वृद्धाश्रमात तिला सगळे थांबा-सिस्टर म्हणत. कुणी अँटिबायोटिकचं नाव काढलं की बाईंच्या तोंडून आधी "थांबा" निघायचं. आणि तिथे तर ते नाव उठता-बसता निघे. आजींनी जेवणाला नाक मुरडलं, आजोबा कुणावर डाफरले, की कुणीतरी पट्टी घेऊन त्यांची लघवी तपासायला धावलंच. पट्टीने रंग बदलला की इन्फेक्शन ठरलंच, लगेच डॉक्टरांना फोन आणि संध्याकाळपासून गोळी सुरू. अहो, या वयात कसलाही त्रास नसताना कितीतरी जणांची पट्टी रंग बदलते. पण ऐकतंय कोण?

गेल्या वर्षी अशाच नको असलेल्या गोळ्यांनी एका आजींना जुलाब लागले. आजी त्यातून उठल्याच नाहीत. गोळ्या सिस्टरने स्वतःच्या हाताने दिल्या होत्या, आणि ते अजून तिला आतून खात होतं.

तर एका सकाळी मास्तर बिघडले. मास्तर म्हणजे पाच नंबरच्या खोलीतले, जन्मभर गणित शिकवलेले. त्यांनी सिस्टरला नापास केलं, उशीला वर्गाबाहेर काढलं आणि भेटायला आलेल्या लेकीला अदबीने विचारलं, "आपण कोण?"

लेकीच्या पायाखालची जमीनच सरकली.

"सिस्टर, इन्फेक्शनच आहे हे. गोळी आत्ताच्या आत्ता सुरू करा."

"थांबा ताई."

झालं, ताईंचा पारा चढला. "माझ्या बाबांना काही झालं ना, तर तुमची नोकरी राहणार नाही, सांगून ठेवते."

सिस्टर मास्तरांना तपासायला वळली. नोकरीचं एक वेळ सोडा, खरंच इन्फेक्शन असलं तर? पण मास्तरांना ताप नव्हता, लघवीला जळजळ नव्हती. जीभ मात्र कोरडी ठणठणीत होती. तिने डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. "अंगातलं पाणी कमी झालं तरी या वयात माणूस असा भ्रमतो. उद्या सकाळपर्यंत पाणी पाजा," डॉक्टर म्हणाले, "आणि ताप बघत राहा. चढला तर लगेच कळवा."

पाणी पाजा म्हणणं सोपं. मास्तर ओठ घट्ट मिटून बसले. लाडीगोडी झाली, दटावून झालं, म्हातारा बधेना. शेवटी सिस्टरने पेला पुढे धरला आणि म्हणाली, "मास्तर, याचा एक तृतीयांश किती हो? मला मेलीला कधी जमलंच नाही."

मास्तरांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि बरोबर एक तृतीयांश पिऊन दाखवलं. मग उरलेल्याचा निम्मा. मग त्याचा पाव. असे अपूर्णांकांत दिवसभरात सहा पेले पोटात गेले. ताप काही चढला नाही.

दुसऱ्या दिवशी ताई दबकत दारात आली. मास्तर चष्मा लावून पेपर वाचत होते.

"ये गं," ते म्हणाले. "केस किती पिकले तुझे."

ताईला रडूच फुटलं. सिस्टरने हळूच डोळे पुसले आणि विचारलं, "मास्तर, पाणी का सोडलं होतंत?"

मास्तरांनी पेपराची घडी घातली, परत उलगडली. "मागच्या रविवारी अंथरूण ओलं झालं होतं. ही सगळ्यांदेखत म्हणाली, बाबा, लाज आणलीत. म्हटलं, प्यायचंच नाही."

ताईने घाईघाईने पेला भरला, पण पुढे करताना तो कलंडला आणि निम्मं पाणी चादरीवर सांडलं.

"असू दे गं," मास्तर म्हणाले. "वाळेल."