बादशहाच्या अंगणातली सावली

क्योतोत माझं पीएच.डी.चं दुसरं वर्ष चालू होतं. त्या शरद ऋतूत बाबा महिनाभर राहायला आले. चिनी बादशहाच्या दरबारात पंचांग करणारे युरोपी पाद्री, हा माझा विषय ऐकून नातेवाईक हसायचे. बाबा हसत नसत. त्यांचं पंचांग एक आणि आईच्या माहेरचं दुसरं. एका वर्षी अधिक महिन्याच्या घोळात दोन्ही घरांची दिवाळी महिन्याच्या फरकाने आली, आणि बाबा व मामा बरेच दिवस बोलत नव्हते.

माझ्या गाइडना, म्हणजे सेन्सेईंना, मी हे सांगितलं. म्हातारे सेन्सेई खूश झाले. वडिलांना घेऊन ये म्हणाले, आपण त्यांना दरबारातली परीक्षा करून दाखवू.

दुसऱ्या दिवशी विभागाच्या अंगणात त्यांनी ओळंबा लावून एक बांबू सरळ उभा केला. त्या दिवशी भर माध्यान्ही त्याची सावली किती लांब पडेल याचं गणित मी पाद्र्यांच्या रीतीने आधीच केलं होतं. तिथे मी खडूने रेघ ओढली. मग आम्ही बाकावर बसलो. सेन्सेई जपानीत सांगत होते आणि मी बाबांना मराठीत.

परक्यांनी आमच्या पूर्वजांचं आकाश बिघडवलं, असा आरोप दरबारातल्या एका विद्वानाने केला. म्हातारा मुख्य पाद्री अर्धांगाने आजारी, त्याला नीट बोलताही येईना. त्याच्या बाजूने त्याचा तरुण सोबती बोलला. तरी म्हाताऱ्याला मृत्युदंड झाला. तेवढ्यात राजधानीत भूकंप झाला, दरबार घाबरला आणि पाद्री वाचले. पण त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या पाच चिनी ज्योतिष्यांची डोकी उडवली गेली.

"पंचांगावरून?" बाबांनी विचारलं. मी होकारार्थी मान हलवली.

पुढे बादशहा वयात आला. अजून पोरसवदाच होता, पण त्याने वाद घालणाऱ्यांना गप्प केलं आणि सांगितलं, उद्या दुपारी काठीची सावली कुठे पडेल ते दोघांनी आजच सांगा. विद्वानाच्या माणसांना सांगता आलं नाही. त्या सोबत्याने खूण केली.

सेन्सेई बोलायचे थांबले. क्योतोत सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात बारा वाजायच्या थोडा आधी. सावली आखडत रेघेकडे येत होती. बाबा उठून रेघेपाशी उकिडवे बसले. टोक रेघेला टेकलं आणि तिथेच राहिलं. माझ्या अंगावर काटा आला. हे गणित मी कितीदा कागदावर केलं होतं, पण आकाशाने ते माझ्या पायाशी आणून ठेवलेलं कधी पाहिलं नव्हतं. बाबांनी नकळत हात जोडले होते.

मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "आणि जो हरला, त्याचं काय झालं?"

मी सेन्सेईंना विचारलं. त्यालाही मृत्युदंड झाला, ते म्हणाले. वय पाहून माफी मिळाली. गावी परत जाताना वाटेत वारला.

सावली पुन्हा लांबायला लागली होती. सेन्सेईंना वर्गावर जायचं होतं, ते वाकून नमस्कार करून गेले. बाबा मात्र सावली रेघेपासून बोटभर पुढे सरकेपर्यंत तिथेच बसून राहिले, आणि मीही त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.