गावचा जावई, सोफ्यावर

आंद्रेस गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला फुटबॉल स्पर्धेच्या मांडवाचं बघत होतो. हृदयविकाराचा झटका, अकोल्यात राहत्या घरी. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता रविवारच्या फायनलला पाहुणा कोण आणायचा... महिना उलटला, त्या विचाराची लाज अजून जात नाही.

आंद्रेस कोलंबियाचा. मिसरूड फुटायच्या आधीपासून पैसे घेऊन खेळणारा. आधी स्वतःच्या देशात, मग इक्वेडोर, पेरू, सायप्रस आणि शेवटी गोवा. तिथे गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्या दवाखान्यात आमच्या अकोल्याच्या, जठारपेठेतल्या वैशालीताई नर्स होत्या; तिथेच लग्न जमलं. चाळिशीत क्लबचा खेळ थांबला आणि जावईबापू अकोल्यात राहायला आले. हे सगळं मला तोंडपाठ, कारण माइकवर त्याचा परिचय मीच करून द्यायचो. दरवर्षी त्यात एखादा गोल वाढवायचो.

आमच्याकडे मोठ्या माणसाला बोलावतात ते सत्कारासाठी. त्यात हा जावई. शाल, श्रीफळ, फेटा, नाणेफेक, आणि मग आमदारांशेजारी सोफ्यावर. तो बिचारा शर्टाच्या आत जर्सी घालून यायचा. एकदा नांदगाव पेठच्या संघाचा एक खेळाडू जखमी झाला, बदली कोणी नव्हता. आंद्रेस माझ्या कानाशी वाकला. वऱ्हाडी तो सासऱ्यांकडून शिकला होता.

"भाऊ, मले खेळू द्या न. दहाच मिनिटं."

"जावई तुमी गावचे. बसा आरामात, चहा येऊन राहिला."

तो बसला. गुडघा कधीचाच बरा झालेला होता, वैशालीताई सांगायच्या. आम्ही मानानं इतके फुगलेलो की ऐकलंच नाही. पुढच्या वर्षी बोलावलं तेव्हाही तो आला.

शोकसभा अकोल्यात झाली. मी माइक घेऊन सवयीनं क्लबांची नावं सांगायला लागलो, तशा वैशालीताई उठल्या. आवाज चढवला नाही.

"भाऊ, परिचय राहू द्या. यायले खेळतानी ज्यानं पाह्यलं असन, त्यानं बोलावं."

सभागृह भरलेलं होतं. सत्कार करणारे, हार घालणारे, त्याच्याबरोबर फोटो काढून घेणारे, सगळे... कोणी उठलं नाही. मी माइक ठेवून खाली जाऊन बसलो. ताई उभ्याच होत्या, वाट बघत.