मित्राची टर्बो गाडी

मित्र वारल्यावर वहिनींनी त्याच्या स्पोर्ट्स कारची किल्ली मला दिली. "भाऊजी, अधूनमधून चालवत जा. उभी राहून खराब होईल."

तो असताना रविवारी सकाळी आम्ही दोघे मित्र आपापल्या गाड्या घेऊन नवीन पनवेलहून कर्जतच्या रस्त्याला लागायचो. माझी जुनी, बिनटर्बोची. वळणातून मी लगेच सुटायचो. त्याच्या गाडीतला टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा, वेग घेईपर्यंत ती क्षणभर रेंगाळायची, मग सुसाट पुढे जायची. त्यावरून मी त्याला चिडवायचो.

परवा त्याची गाडी चालवली. वळणावर ॲक्सिलरेटर दाबला तर आधी काहीच झालं नाही, मग एकदम धक्का बसला. घाबरलोच. पुढे थोडं आधीच दाबायला लागलो, तेव्हा जमलं. पण हे ज्याला सांगायचं तोच नव्हता. गाडी वहिनींच्या दारात लावून मी रिक्षाने कामोठ्याला परतलो.