बादली त्यांच्या हाती, टोपली माझ्या

भाऊरावांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांना माझे फक्त पाय दिसत होते. वालूरच्या रस्त्यावरच्या आमच्या डाळ मिलमध्ये पट्टा तुटला होता आणि मी, मिलचा मिस्त्री, यंत्राखाली उताणा पडलेलो होतो. नवीन मॅनेजर येणार असं कानावर आलं होतं. माझ्या पायांशी दोन बूट येऊन थांबले आणि वरून आवाज आला, "मिस्त्री, जेवलात का?"

मला रागच आला. तूर अडकलेली, हमाल बसून, मालक दोनदा डोकावून गेलेले, आणि हे गृहस्थ जेवणाचं विचारतात! मी खालूनच म्हणालो, "आधी यंत्र सुरू होऊ द्या, साहेब."

"मग मीही थांबतो," ते म्हणाले. मला वाटलं, बोलायची रीत असते. यंत्र फिरायला लागलं तेव्हा ऊन उतरलं होतं, आणि हात पुसत ऑफिसात गेलो तर त्यांचा डबा टेबलावर तसाच, झाकण लावलेला.

गौरवग्रंथात चांगलं लिहावं असा दस्तूर आहे, आणि मी चांगलंच लिहिणार आहे. पण आधी एक सांगून टाकतो. श्री. भाऊराव ढगे यांचा मला पहिल्यापासून हेवा वाटत आला आहे, आणि हे लिहितानाही वाटतो आहे. पंचाहत्तरी माझीसुद्धा याच वर्षी झाली. सुनेनं ओवाळलं, शिरा केला, विषय मिटला. त्यांच्या पंचाहत्तरीला परभणीत हॉल ठरलाय, ग्रंथ निघतोय, आणि त्यात लिहायचं कोणी, तर मी! मी चौथी शिकलेला माणूस. पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदावर झालं. तरी लेखणी हातात घेतली, कारण दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर त्याचाही हेवा वाटला असता.

भाऊराव येण्याआधी मिलमध्ये जेवणाची सुट्टी झाली की माणसं चार दिशांना जात. हमाल चिंचेखाली, डाळ निवडणाऱ्या बाया पत्र्याच्या शेडमागं, ऑफिसवाले पंख्याखाली, आणि यंत्रावरची मंडळी माझ्या खोलीत. माझ्या खोलीत मी पाटलासारखा बसायचो. कोणाचं भांडण, कोणाच्या पोरीचं लग्न, सगळं माझ्यासमोर यायचं, आणि माझा शब्द चालायचा. सुट्टी संपली की तीच चार टोळकी कामावर यायची. डाळीत खडा सापडला की बाया हमालांकडं बोट दाखवायच्या, हमाल यंत्राकडं, आम्ही ऑफिसकडं.

भाऊरावांनी हे महिनाभर पाहिलं आणि मालकांना गळ घातली की दुपारचं जेवण मिलनं द्यावं. वालूरच्या बचत गटातल्या बायांना काम दिलं. दुपारी टेम्पोतून गरम भाकरी, भाजी, आमटी, भात यायचा, आणि गोदामातली एक बाजू झाडून सगळ्यांची एकच पंगत बसायची. मालकही आले तर त्याच पट्टीवर. रमजानच्या महिन्यात रोजे धरणाऱ्या चाँदभाई या हमालाचं जेवण संध्याकाळी वेगळं यायचं, ते गरम आहे का हे भाऊराव स्वतः हात लावून बघायचे.

माझी खोली पहिल्याच दिवशी रिकामी झाली.

मी काही पंगतीला गेलो नाही. घरचा डबा सोडायचा नाही, असं ठरवून खोलीत एकटा जेवू लागलो. माझी सुभद्रा पोखर्णीची लेक, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. एके संध्याकाळी डबा धुता धुता म्हणाली, "अर्धा डबा रोज परत यायलाय. एकट्याला घास उतरना झालाय व्हय?"

"भूक न्हाई."

"भूक हाय. मानसं न्हाईत," ती म्हणाली, आणि पुढच्या सोमवारपासून ती स्वतःच त्या गटात स्वयंपाकाला जायला लागली. मला विचारलंसुद्धा नाही. डबा मागितला तर म्हणे, "दोन दोन ठिकाणी चूल कोण पेटवंल? माझ्या हातचं खायचं असंल तर पंगतीत बसा."

तेव्हा मला पंगतीत बसावं लागलं, आणि जळफळाट वाढला. येसराची आमटी माझ्या बायकोच्या हातची. येसराचं धान्य आणि मसाले आमच्या घरात भाजायला घेतले की शेजारी ठसकतात. ती आमटी भुरकून माणसं तृप्त व्हायची आणि म्हणायची काय, "भाऊराव साहेब, लय झकास!"

आता गौतमची गोष्ट सांगतो, म्हणजे भाऊरावांचं काम कशा प्रकारचं होतं ते कळेल. पूर्णा गावचा हा मुलगा माझ्या हाताखाली तयार झाला. यंत्राच्या आवाजावरून कोणता भाग कुरकुरतोय ते ओळखायचा. माझी नजर अधू होत चालली होती आणि माझ्यामागं यंत्र त्यानं सांभाळावं, ही एकच इच्छा मी धरून होतो. पण आई आजारी असताना हजेरी मांडणाऱ्या वसंतरावांनी त्याची रजा अडवली. दोघांत वाजलं, बोलणं बंद झालं. जालन्याच्या एका मिलमधून त्याला बोलावणं होतंच. तो जायला निघाला. मी त्याला समजावलं, रागावलो, शेवटी हात जोडायचे तेवढे राहिले.

"मिस्त्री, तुमच्यासाठी राहिलो असतो," तो म्हणाला, "पर त्या मानसाचं तोंड रोज बघनं न्हाई व्हायचं."

मी भाऊरावांकडं गेलो. जायची इच्छा नव्हती, पण गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "वाढायला कोण आहे उद्या?"

भाऊरावांची ही रीत बाहेर फारशी कोणाला माहीत नाही. पंगतीत वाढायला रोज दोघं लागत, आणि ज्यांचं बोलणं बंद आहे अशाच दोघांना ते उभं करत. कारण सांगत नसत. महिना संपेपर्यंत जायचं नाही असं गौतमनं मला कबूल केलं होतं, म्हणून तोही उभा राहिला. भाताचं पातेलं त्याच्याकडं, आमटीची बादली वसंतरावांकडं.

पहिल्या दिवशी दोघं दोन टोकांनी सुटले. निम्म्या ताटांत आमटी पडली आणि भाताचा पत्ता नाही. बाया हसून लोळायला लागल्या. "आवं वसंतराव, माझ्या ताटात पूर आलाय, गाव कुठंय?" दुसरी म्हणाली, "गौतम, कोरडाच भात घालून मारतुस का रं?" भाऊराव मान खाली घालून आपला कोरडा भात चिवडत होते. मी पाहिलं, त्यांचे खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी वसंतराव पंगतीच्या तोंडाशी उभे राहून भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले, "भात पुढं जाऊ द्या." गौतमनंही भिंतीलाच उत्तर दिलं, "आधी वाट सोडा." असे काही दिवस गेले. एकदा आमटी कढत होती आणि कडीवरचं फडकं सुटलं. वसंतरावांचा हात पोळला, तरी बादली सोडवेना, कारण खाली ताटावर बाया बसलेल्या. गौतमनं पातेलं तिथंच ठेवलं आणि कडीखाली स्वतःचा रुमाल घातला.

"सोडा. म्या धरलीय," तो म्हणाला.

वसंतरावांनी बादली सोडली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "रजा द्यायला पाहिजे होती रं मी. आई कशी हाय आता?"

गौतम जालन्याला गेला नाही. आज तो मिलचा हेडमिस्त्री आहे. मला किती आनंद झाला ते काय सांगू! आणि त्याच आनंदात माझा जीव जळालाही. मी इतके दिवस घसा कोरडा केला. भाऊरावांनी फक्त हातात भांडी दिली. शिष्य माझा, राहिला त्यांच्या पंगतीपायी. मी भाऊरावांशी बोलणंच टाकलं. कामापुरतं हो की नाही, एवढंच.

ही गोष्ट गौतमच्या लक्षात आली. एके दुपारी सगळे पट्टीवर बसलेले असताना तो उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "आज वाढायला कोन? आज साहेब आन् मिस्त्री!"

पंगतीनं टाळ्या पिटल्या. ज्यांनी ही रीत काढली तेच तीत सापडले. भाऊराव मुकाट्यानं उठले, बाह्या सरसावल्या, आमटीची बादली उचलली. माझ्या हाती भाकरीची टोपली आली. मी पुढं, ते मागं. बोलायचं नाही हे माझं ठरलेलं. इतक्यात मागून खणखणीत आवाज आला, "आमटी घ्या, आमटी! मिस्त्रींच्या घरची येसराची आमटी!" प्रत्येक ताटापाशी तेच. शेवटच्या ताटापर्यंत. टेम्पोजवळ सुभद्रा उभी होती, ती पदर तोंडाला लावून हसत होती.

शेवटी आम्ही दोघंच उरलो. त्यांनी मला वाढलं, मी त्यांना वाढलं. मी म्हणालो, "साहेब, जेवलात का?" त्या दिवसापासून बोलणं सुरू झालं. हेवा मात्र गेला नाही. दुसऱ्याचं नाव इतक्या मोकळ्या गळ्यानं घेणं मला आजवर जमलेलं नाही.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन परभणीला झालं, तेव्हा ते रोज जेवण घेऊन येत. डोळ्याला पट्टी असली तरी आवाजावरून कळायचं की शेजारच्या खाटांवरची माणसंसुद्धा त्यांच्याभोवती जमलीत. दवाखाना माझा, आणि भेटायला माणसं त्यांना!

आता समितीला एक विनंती. हॉलमध्ये बुफे ठेवल्याचं कळलं. हातात ताट घेऊन उभ्यानं फिरणाऱ्या माणसांत भाऊरावांचा सत्कार शोभत नाही. पंगत बसवा. आमटी सुभद्रा सांगेल तशी करा. आणि वाढायला आम्हा दोघांना उभं करा. हक्कानं मागतो, कारण या सत्काराची बातमी ऐकल्यापासून माझं त्यांच्याशी बोलणं बंद आहे.

भाऊरावांना निरोगी, लांबलचक आयुष्य लाभो. त्यांच्या मनगटात भरली बादली पेलायचं बळ शंभरीतही राहो, आणि मला टोपलीचं. तोवर आमचं बोलणं अधूनमधून असंच बंद पडत राहो.