लोंबलेला सांधा
१९५८च्या उन्हाळ्यात जालन्यातील एका कापसाच्या जिनिंगमध्ये छताच्या लोखंडी तुळया वेल्डिंगने जोडताना म्हाताऱ्या मिस्त्रींचे काम गेले, ते माझ्यामुळे. मचाणावरून त्यांना खाली ठेवलेले वेल्डिंगचे मशीन दिसत नसे. करंट खालच्या माणसाने, म्हणजे मी, लावायचा. डोक्यावरच्या सांध्याला तो कमी लागतो. मी मात्र जमिनीवरच्या जाड पत्र्यासाठी वाढवला होता. "कमी केला का रं?" मिस्त्रींनी विचारले. "बराबर हाय, मामा," मी न बघताच म्हणालो. वितळलेले लोखंड थेंबाथेंबाने लोंबत गोठले. ठेकेदार हसला, "मामा, हात थरथरून राह्यला तुमचा. घरी बसा आता." मला करंटची आठवण झाली, पण मी गप्प राहिलो. मिस्त्री दुपारच्या गाडीने आपल्या गावी, धावड्याला गेले. त्यानंतर मी करंट उतरवला आणि मचाणावर चढलो. तोच सांधा वेल्डिंगच्या पहिल्याच काडीत सरळ भरला.